गोल्डफिशमधील रंगबदल

गोल्डफिश किंवा सोनेरी मासा (शास्त्रीय नाव: कॅरॅशियस ऑरॅटस) हा सिप्रिनिडी कुळातील गोड्या पाण्यातील मासा आहे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून वार्धक्यापर्यंत या माशाचा रंग अनेकदा बदलू शकतो. करडे-हिरवट पिल्लू काही महिन्यांत नारिंगी होणे, नारिंगी माशाच्या अंगावर पांढरे भाग उमटणे, काळा मासा तांबूस होणे किंवा नितळ अंगावर एकाएकी काळे डाग दिसणे, हे सर्व या रंगबदलाचे प्रकार होत. यांपैकी बहुतेक बदल निरुपद्रवी असून ते माशाची आनुवंशिकता, वय, आहार आणि त्याला मिळणारा प्रकाश यांच्याशी संबंधित असतात. काही बदल मात्र पाण्यातील विषारी द्रव्ये, परजीवी किंवा संसर्ग यांचे लक्षण असतात आणि त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास तळ्यातील सर्व मासे दगावू शकतात. बदलाचा वेग, त्याचे शरीरावरील स्थान आणि माशाचे वर्तन या तीन गोष्टी एकत्र पाहिल्यास नैसर्गिक व रोगजन्य बदलांत बहुधा फरक करता येतो.

## पार्श्वभूमी

गोल्डफिशचे रानटी पूर्वज करड्या-हिरवट रंगाचे असून ते चीनमधील नद्या व तळ्यांत राहत. या रंगामुळे गढूळ पाण्यात आणि पाणवनस्पतींत ते सहज लपून राहत. अशा माशांमध्ये क्वचित लाल किंवा पिवळसर अंगाचा मासा जन्माला येई. जिन राजवटीच्या काळापासून (इ.स. २६५–४२०) अशा माशांचे उल्लेख सापडतात. खुल्या पाण्यात असा ठळक रंगाचा मासा भक्षकांच्या नजरेस लवकर पडतो. चीनमध्ये मात्र पकडलेले प्राणी मुक्त करणे हे बौद्ध परंपरेनुसार पुण्यकर्म मानले जाई व मठांच्या तळ्यांत सोडलेल्या माशांना संरक्षण मिळत असे. त्यामुळे रंगीत मासे जगले आणि त्यांची वीण वाढली.

थांग राजवटीत (६१८–९०७) रंगीत मासे तळ्यांत पाळले जात होते. सोंग राजवटीत (९६०–१२७९) त्यांची पद्धतशीर पैदास सुरू झाली. मिंग राजवटीत (१३६८–१६४४) ते घरातील भांड्यांत ठेवले जाऊ लागले आणि दुहेरी शेपटीच्या, आखूड अंगाच्या नाजूक जाती टिकवणे शक्य झाले. सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोहोचला. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी व वनस्पतींमधील विविधतेवरील १८६८ च्या ग्रंथात गोल्डफिशची दखल घेतली आहे.

आजच्या गोल्डफिशचा नारिंगी रंग हा अशा प्रकारे निसर्गातील सामान्य रंग नसून माणसाने जपलेला अपवाद आहे. रानटी रंग निर्माण करण्याची क्षमता माशाच्या शरीरात कायम असते. रंगबदलाच्या अनेक प्रकारांचे मूळ याच गोष्टीत आहे.

## रंगाची जडणघडण

माशाचा रंग त्वचेतील व खवल्यांवरील विशिष्ट पेशींमुळे दिसतो. या पेशींना रंगपेशी म्हणतात. भ्रूणावस्थेत मज्जारज्जूच्या कडेला तयार होणाऱ्या पेशींपासून त्यांची उत्पत्ती होते व तेथून त्या शरीरभर पसरतात. गोल्डफिशमध्ये त्यांचे पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत.

- मेलॅनोफोर: यांत मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य असते. हे द्रव्य मासा स्वतः तयार करतो.
- झँथोफोर व एरिथ्रोफोर: पहिल्या प्रकारच्या पेशी पिवळ्या, तर दुसऱ्या लाल-नारिंगी दिसतात. त्यांतील टेरिडीन वर्गातील रंगद्रव्ये मासा स्वतः बनवतो. कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्ये मात्र त्याला अन्नातून मिळवावी लागतात.
- इरिडोफोर: यांत रंगद्रव्य नसून ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते प्रकाश परावर्तित करतात; त्यामुळे माशाला धातूसारखी चकाकी येते.

डोळ्यांना दिसणारा रंग म्हणजे या थरांचा एकत्रित परिणाम असतो. काळ्या, पिवळ्या व चकाकणाऱ्या पेशी एकत्र असल्यास रानटी हिरवट-करडा रंग दिसतो. मेलॅनोफोर नाहीसे झाल्यास खालचा नारिंगी रंग उघडा पडतो. लाल-पिवळ्या पेशीही नसतील तर मासा रुपेरी पांढरा दिसतो. चकाकणाऱ्या पेशींचाही अभाव असल्यास त्वचेतून आतील रक्ताची छटा दिसते व अंग गुलाबी भासते. यावरून नारिंगी मासा पांढरा होणे म्हणजे त्याला पांढरा रंग चढणे नव्हे, तर नारिंगी रंग जाणे होय.

## रंगबदलाचे दोन मार्ग

जीवशास्त्रात माशांमधील रंगबदलाचे दोन प्रकार मानले जातात.

शरीरक्रियात्मक बदल काही मिनिटांत किंवा तासांत होतो. यात रंगपेशींची संख्या बदलत नाही. पेशीतील रंगकण मध्यभागी गोळा झाल्यास त्वचा फिकट व सर्वत्र पसरल्यास गडद दिसते. मज्जातंतू आणि संप्रेरके ही हालचाल नियंत्रित करतात. माशांच्या रंगावर मज्जासंस्थेचा ताबा कसा चालतो याचा पायाभूत अभ्यास कार्ल फोन फ्रिश यांनी मिनो या लहान माशावर केला होता व तो १९११ मध्ये प्रसिद्ध झाला.

रचनात्मक बदल होण्यास दिवस, आठवडे किंवा महिने लागतात. यात रंगपेशींची संख्या किंवा त्यांतील रंगद्रव्याचे प्रमाणच बदलते. पिल्लाचे नारिंगी होणे, मोठ्या माशाचे पांढरे होणे आणि जखमेच्या जागी काळा डाग पडणे हे बदल या प्रकारात मोडतात.

## वाढीच्या काळातील रंगबदल

अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू जवळपास पारदर्शक असते. पुढील काही आठवड्यांत त्याच्या अंगावर मेलॅनोफोर वाढतात व ते पूर्वजांप्रमाणे करडे-हिरवट दिसू लागते. सामान्य जातींत साधारणतः दोन ते तीन महिन्यांच्या वयानंतर मेलॅनोफोर मरू लागतात. प्रथम पोट पिवळसर होते, मग हा रंग दोन्ही कुशींवरून पाठीकडे चढतो. पाठीवरचा व परांच्या कडांवरचा काळेपणा बहुधा शेवटी जातो. या मधल्या काळात काळ्या-नारिंगी ठिगळांचा मासा विशेष आकर्षक दिसतो. पण हे ठिगळ टिकाऊ नसतात. काळ्या किनारीचे पर पाहून विकत घेतलेला मासा काही महिन्यांत संपूर्ण नारिंगी होतो, याचे कारण हेच असते.

हा बदल सर्व पिल्लांत एकाच वेळी होत नाही. उबदार पाण्यात तो लवकर, तर थंड पाण्यात उशिरा होतो. एकाच विणीतील काही पिल्ले वर्षभरानंतर रंग बदलतात आणि काही आयुष्यभर करडी राहतात. तळ्यात आपोआप झालेल्या विणीतील काळपट पिल्ले एखाद्या वेगळ्या जातीची आहेत असा समज अनेकदा होतो. प्रत्यक्षात ती रंग न बदललेली गोल्डफिशची पिल्ले असू शकतात.

ब्लॅक मूर या काळ्या जातीत मेलॅनोफोर दीर्घकाळ टिकतात, तरीही वयानुसार पोटाकडून सुरू होऊन अंग तांबूस किंवा नारिंगी होण्याची उदाहरणे सर्रास आढळतात.

## आनुवंशिकता

गोल्डफिशच्या रंगाचा मेंडेलच्या नियमांनुसार अभ्यास करणाऱ्यांत चिनी प्राणिशास्त्रज्ञ शिसान चेन हे अग्रगण्य होते. खवल्यांच्या पारदर्शकतेवरील त्यांचे संशोधन १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. धातूसारख्या चकाकीचा मासा आणि पारदर्शक खवल्यांचा मासा यांच्या संकरातून दोहोंच्या मधली, ठिपकेदार बहुरंगी संतती होते, हे त्यांनी दाखवले. अशा माशांना कॅलिको म्हणतात. शुबुनकिन ही तळ्यांत पाळली जाणारी जात या गटातील आहे. दोन कॅलिको माशांच्या संततीत चकाकणारे, कॅलिको व पारदर्शक मासे सुमारे १:२:१ या प्रमाणात आढळतात. त्यामुळे केवळ कॅलिको पिल्लेच देणारी शुद्ध कॅलिको जोडी मिळू शकत नाही. १९३४ मधील अभ्यासात चेन यांनी निळसर रंगामागे अप्रभावी जनुकांची एक जोडी, तर तपकिरी रंगामागे अशा चार जोड्या असल्याचे मांडले.

रंगबदल केव्हा सुरू होईल, कितपत होईल आणि नारिंगी रंग टिकेल की पांढरा होईल, यांवर आनुवंशिकतेचा मोठा प्रभाव असतो. एकाच तळ्यात, एकाच खाद्यावर वाढलेल्या दोन माशांपैकी एक पांढरा व दुसरा नारिंगी राहिल्यास त्यामागे पालकाची चूक असतेच असे नाही.

## परिसराचा प्रभाव

### प्रकाश व पार्श्वभूमी

उघड्या तळ्यातील मासे घरातील टाकीतील माशांपेक्षा बहुधा गडद रंगाचे दिसतात. नैसर्गिक प्रकाश रंगद्रव्य टिकण्यास पोषक ठरतो आणि त्याच प्रकाशात वाढणारे शेवाळ माशांना अन्न म्हणून मिळते. दीर्घकाळ अंधारात ठेवलेले मासे फिकट पडतात.

तळाचा रंगही महत्त्वाचा असतो. डोळ्यांवर वरून पडणारा प्रकाश आणि तळाकडून परावर्तित होणारा प्रकाश यांच्या तुलनेवर मेंदूतून होणारा संप्रेरकांचा स्राव अवलंबून असतो. फिकट तळावर मेलॅनिन-संकेंद्रक संप्रेरकाचे प्रमाण वाढते व रंगकण पेशींच्या मध्यभागी गोळा होतात. गडद तळावर मेलॅनोफोर-उद्दीपक संप्रेरकाचा प्रभाव वाढतो व रंगकण पसरतात. त्यामुळे पांढऱ्या टबात ठेवलेला मासा थोड्याच वेळात फिका वाटतो आणि काळ्या अस्तराच्या तळ्यात परतल्यावर पुन्हा गडद होतो. वाहतुकीनंतर किंवा पकडताना झालेल्या ताणामुळेही तात्पुरता फिकेपणा येतो.

### आहार

कोणताही मासा कॅरोटिनॉइड स्वतः तयार करू शकत नाही. तळ्यातील शेवाळ, पाणपिसवा व इतर लहान कवचधारी जीव हे त्यांचे नैसर्गिक स्रोत आहेत. गोल्डफिश झिॲझँथिनसारख्या पिवळ्या कॅरोटिनॉइडचे लाल ॲस्टॅझँथिनमध्ये रूपांतर करू शकतो. तयार खाद्यात स्पिरुलिना, कोळंबीच्या कवचाची भुकटी, ल्युटीनयुक्त झेंडूच्या पाकळ्या किंवा संश्लेषित ॲस्टॅझँथिन मिसळलेले असते.

आहारातील बदलाचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. रंगपेशी शाबूत असतील तरच हा परिणाम होतो. ज्या भागातील लाल-पिवळ्या पेशी नाहीशा झाल्या आहेत, तेथे खाद्य बदलून नारिंगी रंग परत येत नाही. अतिरिक्त खाद्य दिल्यास मात्र पाणी दूषित होऊन उलट हानी होते.

## पाण्याची गुणवत्ता व रोग

### काळे डाग

नारिंगी किंवा पांढऱ्या माशाच्या परांच्या कडांवर, ओठांवर वा अंगावर थोड्या दिवसांत उमटलेले काळे डाग हे बरेचदा बऱ्या होत असलेल्या इजेचे चिन्ह असते. इजा झालेल्या भागात मेलॅनोफोर गोळा होतात व जखम भरल्यानंतर ते सावकाश नाहीसे होतात. घासणे, टोचणे, परजीवी आणि अमोनियामुळे होणारा दाह ही अशा इजेची कारणे आहेत. डाग हा स्वतः रोग नसल्याने त्यावर औषध लावून उपयोग होत नाही. मूळ कारण शोधावे लागते.

अमोनिया माशांच्या उत्सर्जनातून व कुजणाऱ्या अन्नातून तयार होतो. उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या तळ्यात हे जिवाणू पुरेसे नसल्याने धोका अधिक असतो. पाण्यातील एकूण अमोनियापैकी विषारी, अनायनीकृत अंश पाण्याचा सामू व तापमान यांनुसार बदलतो. २५° से. तापमानाला सामू ७ असताना हा अंश सुमारे ०.६ टक्के, सामू ८ असताना सुमारे ५ टक्के आणि सामू ९ असताना सुमारे ३६ टक्के असतो. शेवाळयुक्त हिरव्या पाण्यात प्रकाशसंश्लेषणामुळे दुपारनंतर सामू वाढतो. त्यामुळे सकाळी निर्धोक वाटलेले पाणी दुपारी घातक ठरू शकते.

### कल्ल्यांचा रंग

निरोगी माशाचे कल्ले लालभडक असतात. नायट्राइट रक्तात शिरल्यास हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते व रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. अशा वेळी कल्ले तपकिरी दिसतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. पाण्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शिरण्यास अडथळा करते. म्हणून पाणी बदलण्याबरोबर मोजून साधे मीठ घालण्याचा उपाय केला जातो.

फिकट किंवा पांढुरके कल्ले हे रक्तक्षयाचे चिन्ह असते. सिप्रिनिड हर्पीसविषाणू-२ मुळे होणाऱ्या रोगात रक्तनिर्मिती करणाऱ्या ऊती नष्ट होऊन कल्ले फिके पडतात व मासे मोठ्या संख्येने मरतात. या रोगाची नोंद प्रथम जपानमध्ये १९९० च्या दशकात झाली.

### पांढरे ठिपके

मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके अंगभर व परांवर दिसल्यास ते इक्थिऑफ्थिरियस या एकपेशीय परजीवीमुळे झालेले असू शकतात. असे मासे अंग दगडांवर घासतात. ठिपक्याच्या आत असताना परजीवीला औषध लागू पडत नाही, ते केवळ पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेत लागू पडते. म्हणून उपचार एका दिवसात न थांबवता परजीवीचे जीवनचक्र पूर्ण होईपर्यंत करावे लागतात.

याच्याशी गल्लत होणारी एक निरोगी अवस्था म्हणजे विणीच्या हंगामातील नराचे पुटकुळे. हे बारीक पांढरे उंचवटे मुख्यतः कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीने येतात व हंगामानंतर जातात. असा मासा उत्साही असतो व मादीचा पाठलाग करतो. ठिपक्यांचे स्थान न पाहता औषध टाकल्यास निरोगी माशावर विनाकारण उपचार होतात.

### लाल रेषा व डाग

परांत लाल रेषा किंवा अंगावर लाल चट्टे दिसणे हा रंगपेशींतील बदल नसून सुजलेल्या वा फुटलेल्या रक्तवाहिन्यांचा परिणाम असतो. दूषित पाणी, जिवाणूंचा संसर्ग आणि अँकर वर्मसारखे बाह्य परजीवी ही त्याची कारणे असतात. पांढऱ्या माशांवर हे चट्टे लवकर लक्षात येतात, तर लाल माशांवर ते झाकले जातात.

## बदलाचे स्वरूप ओळखणे

मत्स्यपालनात पुढील निकष वापरले जातात.

- अनेक आठवड्यांत हळूहळू झालेला, कडा स्पष्ट असलेला व खवले गुळगुळीत ठेवणारा बदल बहुधा नैसर्गिक असतो.
- एक-दोन दिवसांत झालेला, उंचवटा, सूज, बुरशी किंवा झडलेले खवले यांसह आलेला बदल संशयास्पद असतो.
- एकाच माशाचा रंग बदलल्यास आनुवंशिकता, वय वा स्थानिक इजा, तर अनेक माशांत एकाच वेळी बदल झाल्यास पाण्याची गुणवत्ता किंवा संसर्ग ही कारणे अधिक संभवतात.
- मासा नेहमीप्रमाणे खात व पोहत असल्यास निरीक्षण पुरेसे असते. खाणे सोडणे, पर मिटून तळाशी बसणे, धापा टाकणे किंवा अंग घासणे ही लक्षणे सोबत असल्यास प्रथम अमोनिया, नायट्राइट व सामू यांची तपासणी केली जाते.

निदान होण्याआधी औषधे टाकल्यास तळ्यातील उपयुक्त जिवाणू मरून अमोनिया वाढण्याचा धोका असतो.

## वार्धक्यातील रंगबदल

वाढत्या वयात गोल्डफिशचा रंग फिका होणे सामान्य आहे. नारिंगी भाग आधी पिवळसर व नंतर पांढरे होतात. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात थर्स्क येथे १९९९ मध्ये ४३ व्या वर्षी मरण पावलेला 'टिश' हा मासा दीर्घायुष्यासाठी गिनीज विक्रमांत नोंदला गेला होता. तरुणपणी नारिंगी असलेले त्याचे खवले उतारवयात रुपेरी झाले होते. एरवी निरोगी असलेल्या वृद्ध माशाच्या अशा फिकेपणावर उपचार नसतो व त्याची गरजही नसते.

## मानवी हस्तक्षेप

जपानमधील आइची प्रांतात जपली गेलेली जिकिन ही जात पांढरे अंग आणि लाल तोंड, कल्ल्यांची झाकणे व पर अशा मांडणीसाठी प्रसिद्ध आहे. ही मांडणी जन्मतः क्वचितच नेमकी येते. त्यामुळे लहान माशांच्या अंगावरील नको असलेले लाल खवले काढून टाकण्याची पद्धत तेथे रूढ झाली. त्या जागी पांढरे खवले येतात. हा बदल आनुवंशिक नसल्याने पुढील पिढीत उतरत नाही.

## मुक्त जलाशयांतील रंगबदल

पाळलेले गोल्डफिश नद्या-तळ्यांत सोडल्यास टिकून राहिलेल्या वसाहतींत काही पिढ्यांत करड्या-हिरवट माशांचे प्रमाण वाढते. एकेका माशाचा रंग पूर्ववत होत नाही. ठळक रंगाची पिल्ले बगळे, खंड्या यांसारखे पक्षी व मोठे मासे अधिक प्रमाणात टिपतात आणि काळपट पिल्ले वाचून त्यांची वीण वाढते. मठांच्या तळ्यांत संरक्षणामुळे जे घडले, त्याच्या नेमकी उलट ही प्रक्रिया आहे.

असे मासे स्थानिक माशांसारखेच दिसू लागल्याने त्यांचा फैलाव लवकर लक्षात येत नाही. ते तळ उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पतींची हानी करतात आणि रोग पसरवू शकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील व्हॅस नदीत सोडलेल्या गोल्डफिशची मोठी वसाहत निर्माण झाली असून तेथील अभ्यासात एका माशाने वर्षभरात २३० किलोमीटरहून अधिक अंतर कापल्याचे आढळले. रंग उतरला म्हणून नकोसा झालेला मासा नदी, तळे किंवा विहिरीत सोडणे यामुळेच हानिकारक ठरते. तो दुसऱ्या मत्स्यपालकाकडे किंवा विक्रेत्याकडे सोपवणे हा सुरक्षित पर्याय मानला जातो.

## हे सुद्धा पहा

- कोई मासा
- मेलॅनिन
- कॅरोटिनॉइड
- नायट्रोजन चक्र
- आक्रमक प्रजाती